टेप अडकते? आधी मशीन तपासा, मग कॅसेट घाला

माळ्यावरून उतरवलेल्या टू-इन-वनमध्ये (रेडिओ-टेपरेकॉर्डरमध्ये) पहिलीच कॅसेट आजोबांच्या आवाजाची घालू नये. वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन चालू होतं, दिवा लागतो, चकरी फिरते आणि दोन-तीन मिनिटांत टेप रोलरभोवती गुंडाळली जाते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घेतलेली भीमगीतांची कॅसेट शोधली तर दुसरी मिळेल, आकाशवाणीवरून उतरवलेलं गाणंही कुठेतरी सापडेल. घरच्या लग्नातली मंगलाष्टकं किंवा गावच्या मंडळाने म्हटलेली तुकडोजी महाराजांची भजनं मात्र त्या एकाच टेपवर असतात. म्हणून क्रम ठेवायचा तो असा: आधी रबर, मग मळ, मग स्क्रू, आणि सगळं नीट चालल्यावर ती कॅसेट. तोवर तपासणीसाठी, खराब झाली तरी चालेल अशी एक साठ मिनिटांची कॅसेट वेगळी काढून ठेवा.

टेप का अडकते

फिलिप्सने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली तेव्हापासून तिची मापं तीच आहेत. टेपची रुंदी सुमारे ३.८ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. हा वेग चकरी ठरवत नाही. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या उजवीकडे एक बारीक पोलादी दांडी उभी असते, ती कॅपस्टन. रबरी पिंच रोलर टेपला तिच्यावर दाबून धरतो आणि ही जोडी टेप पुढे ओढते. उजव्या चकरीचं काम एवढंच की आलेली टेप गोळा करायची. कॅपस्टन टेप सोडतच राहतो; चकरी मंदावली की त्या टेपला जायला जागा उरत नाही. ती रोलरला चिकटून मागे वळते आणि आत ओढली जाते. थोडक्यात, टेप अडकते तेव्हा बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. मोटर आणि चकरी यांच्यामधलं रबर थकलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. कॅसेट न घालता झाकण उघडं ठेवून प्ले दाबा. (काही डेकमध्ये कॅसेटशिवाय बटण बसतच नाही. तिथे टेप काढून घेतलेलं रिकामं कवच घाला.) उजव्या चकरीवर बोट हलकेच टेकवा. बोटाने ती थांबली पाहिजे, पण थांबताना थोडा जोर जाणवला पाहिजे, आणि बोट उचलताच तिने लगेच पुन्हा फिरायला हवं. नुसत्या स्पर्शाने थांबत असेल किंवा सोडल्यावर अडखळत फिरत असेल, तर बेल्ट ढिला आहे किंवा आयडलरचं, म्हणजे चकऱ्यांना फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं, रबर गुळगुळीत झालं आहे. मग रिवाइंड आणि फॉरवर्ड दाबून पाहा. तिथे प्लेपेक्षा जोर जास्त लागतो. रिवाइंड कॅसेटच्या शेवटी-शेवटी दम सोडत असेल तर तीही बेल्टचीच तक्रार.

टेप अडकलीच, तर स्टॉप दाबून प्लग काढा. कॅसेट खेचू नका. झाकण उघडून कॅसेट अर्धी वर उचला आणि टेप कुठे वळली आहे ते टॉर्चने पाहा. रोलरला वेढे पडले असतील तर मागचं झाकण उघडून फ्लायव्हील, म्हणजे कॅपस्टनच्या मागच्या टोकाचं जड चाक, हाताने उलटं फिरवा, वेढे आपोआप सुटतात. कात्री हा शेवटचा उपाय. बाहेर आलेली टेप सहा कोनी पेन्सिल चकरीत घालून सावकाश आत घ्या, पीळ पडू देऊ नका. चुरगळलेल्या जागी आवाज क्षणभर दबेल, तो दोष आता कायमचा. इस्त्रीने ती टेप सरळ करण्याचा उद्योग करू नये, ती आक्रसते.

बेल्ट

मशीन उघडण्याआधी प्लग काढलेला आणि सेल बाहेर असलेले हवेत. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कोणता कुठला हे कागदावर मशीनचं चित्र काढून त्यात टोचून ठेवा. बेल्टचा मार्गही काढण्याआधी मोबाइलवर टिपून घ्या, कारण काही मेकॅनिझममध्ये दोन बेल्ट असतात आणि एक मोटरच्या पुलीवर उलट बाजूने जातो.

जुना बेल्ट दोन तऱ्हांनी जातो. एक तर ढिला पडतो, नाहीतर वितळून काळा डांबरासारखा चिकट होतो. दुसरा प्रकार वैताग आणणारा. तो लगदा हाताला लागला की साबणाने जात नाही, म्हणून हातमोजे घाला. पुली, फ्लायव्हीलची कड आणि विशेषतः मोटरच्या पुलीची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण स्वच्छ करा. पुलीवर थोडा जरी लगदा राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला तिथे गचका बसतो आणि आवाज डुलतो.

नव्या बेल्टचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. सगळ्या पुल्यांभोवती, बेल्ट ज्या मार्गाने जातो त्याच मार्गाने, शिवणाचा दोरा फिरवून त्याची लांबी मोजा. बेल्टचा आतला घेर त्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी हवा. फार घट्ट बेल्ट बसवला तर मोटरच्या बुशवर (दांडी ज्यात फिरते त्या कड्यावर) ताण येतो आणि वेगही घसरतो. फ्लायव्हीलवर जाणारा बेल्ट चपटा होता की चौकोनी, तेही पाहून तसाच घ्या. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जाताना जुना बेल्ट आणि मोजलेला दोरा दोन्ही सोबत न्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगून फार उपयोग होत नाही. पैशांच्या पुडक्याला लावतात तो रबर बँड चालेल का, असं हमखास विचारलं जातं. चालत नाही. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून सूर थरथरतो, आणि नागपूरच्या एका उन्हाळ्यात तो कडक होऊन तुटतो.

बेल्ट बसवताना बोटांचं तेल लागू नये म्हणून चिमटा वापरा. पीळ पडलेला नाही ना, हे फ्लायव्हील हाताने दोन-तीन वेळा फिरवून पाहा. फ्लायव्हीलच्या मागची पट्टी परत लावल्यावर ते वर-खाली अगदी किंचित हललं पाहिजे. ती पट्टी घट्ट दाबून बसली तर मोटर कण्हत चालते.

आयडलरची रबरी कड चकचकीत झाली असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलकं घासा आणि पुसून घ्या. रबराची रिंग निघत असेल तर उलटी करून बसवता येते; काही महिने नक्की निघतात.

मळ

प्रत्येक कॅसेट थोडी तांबूस भुकटी मागे सोडते. ती हेडवर साचली की वरचे सूर आधी जातात: टाळांची किणकिण, गायकाचा 'स', पेटीचा वरचा भाग. आवाज रजईखालून आल्यासारखा लागतो आणि लोक म्हणतात, हेड गेलं. बहुतेक वेळा ते फक्त मळलेलं असतं.

लागतं ते इतकंच: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, घट्ट गुंडाळलेल्या कापसाच्या कानकाड्या, टॉर्च. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यातले तेलकट घटक मागे थर ठेवतात. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर प्लास्टिक खातात. पेट्रोल रबर फुगवतं.

मशीन बंद ठेवून प्ले दाबलं की हेड पुढे येतात आणि काडी पोचते. टेपच्या मार्गात आधी इरेज हेड (जुना आवाज पुसणारं), मग रेकॉर्ड-प्ले हेड, त्याच्या कडेचे टेप सांभाळणारे छोटे कान, मग कॅपस्टन. काडी ओली असावी, ठिबकती नसावी. हेडवर ती टेपच्या दिशेने, म्हणजे डावी-उजवीकडे फिरवा. कॅपस्टनवर बहुधा तांबड्या-काळ्या मळाचं कडं बसलेलं असतं. ते नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका, काडी टेकवून अर्धा मिनिट भिजू द्या. पिंच रोलर सगळ्यात शेवटी. मशीन चालू करून, रोलर फिरत असताना काडी त्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवा. रोलर कॅपस्टनला भिडतो त्या बाजूला काडी गेली तर ती आत ओढली जाते. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहा. मग पाण्याने जेमतेम ओलसर काडी एकदा फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. रोलरला तडे गेले असतील, मधोमध खड्डा पडला असेल किंवा तो दगडासारखा कडक झाला असेल तर बदला. व्यास, जाडी आणि मधल्या दांडीची जाडी ही तीन मापं जुळली की काम होतं.

रोज लावणाऱ्यांनी ही सफाई साधारण दहा तासांच्या वाजवण्यानंतर करावी. जुन्या कॅसेट संगणकात उतरवत असाल तर प्रत्येक कॅसेटनंतर.

तेल घालायचा मोह आवरा. फ्लायव्हीलच्या बुशला, तेही ते करकरत असेल तरच, शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर राहील एवढा थेंब. कॅपस्टनचा जो भाग टेपला लागतो तिथे, बेल्टवर आणि रोलरवर अजिबात नाही. खोबरेल तेल तर मुळीच नको; डिसेंबरच्या थंडीत ते आतच गोठतं.

हेड हळूहळू चुंबकीय होतं आणि मग सतत फस्स आवाज येतो, शिवाय चांगल्या टेपवरचे वरचे सूर दर वेळी थोडे पुसले जातात. यासाठी डीमॅग्नेटायझर मिळतो. मशीन बंद, सगळ्या कॅसेट दोन मीटर दूर. डीमॅग्नेटायझर लांबवर चालू करा, सावकाश हेडजवळ न्या, हेड, कॅपस्टन, कान यांवरून स्पर्श न करता फिरवा, तितक्याच सावकाश मागे घ्या आणि हातभर दूर आल्यावरच बंद करा. हेडजवळ असतानाच बंद केला तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं. चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हरही हेडपासून लांब ठेवा.

स्क्रू: वेग आणि हेडचा कोन

इथवर केल्यावर निम्म्याहून जास्त मशीन नीट वाजतात. उरलेल्यांसाठीच स्क्रूला हात लावा.

वेग तपासायला ३००० हर्ट्झची टेस्ट कॅसेट आणि मोबाइलवरचं फ्रीक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप सगळ्यात चांगलं. ३०३० दिसलं तर मशीन एक टक्का जलद. टेस्ट कॅसेट नसेल तर, ज्याची लांबी नक्की माहीत आहे असं गाणं घड्याळ लावून मोजा. पाच मिनिटांचं गाणं तीन सेकंद आधी संपलं तर तोच एक टक्का. एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्या. पेटी वाजवणाऱ्याला वेगळं घड्याळ लागत नाही: पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये ऐकू येत असेल तर वेग सुमारे सहा टक्के जास्त आहे. मोटरच्या मागे छोट्या भोकात एक स्क्रू असतो. बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने तो केसभर फिरवायचा आणि थांबून ऐकायचं. मात्र वेग कमी-जास्त होत राहत असेल तर स्क्रूने काही होणार नाही, तो बेल्टचा किंवा रोलरचा दोष आहे. मोटरच बदलायची झाली तर तिच्यावर लिहिलेले व्होल्ट, फेरे आणि फिरण्याची दिशा तिन्ही जुळवा. उलट्या दिशेची मोटर सगळी टेप बाहेर ओकते.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. स्प्रिंगवर बसलेला आहे तो हेडचा कोन बदलतो. घरी भरलेली कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याच्या हेडचा कोन तुमच्या हेडपेक्षा वेगळा असू शकतो, आणि मग सफाई करूनही आवाज दबकाच राहतो. आधी त्या स्क्रूच्या मूळ जागेची खूण पेनाने करा. कॅसेट वाजत ठेवून, ट्रेबल पूर्ण वाढवून, स्क्रू अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवा, पाव फेऱ्यापलीकडे नाही. आवाज जिथे सगळ्यात उघडा लागेल तिथे थांबा. ती कॅसेट उतरवून झाली की स्क्रू खुणेवर परत आणा आणि नेलपेंटचा एक ठिपका देऊन टाका. हेडवर नख फिरवून खोल चर लागत असेल तर मात्र ते झिजलं आहे, कोन बदलून काही साधणार नाही.

वीज

सेलवर चालणाऱ्या मशीनमध्ये सेल गळालेले असतात, हे गृहीतच धरा. साध्या झिंक-कार्बन सेलचा गळका द्राव आम्लधर्मी असतो, त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. अल्कलाइन सेलचा द्राव उलट्या गुणाचा, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंब. मग अल्कोहोलने पुसून स्प्रिंग चकचकीत करा. मशीन आठवडाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर.

अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट तर जुळवाच, पण पिनच्या मध्यभागी धन आहे की ऋण, ही मशीनवरची खूण जास्त महत्त्वाची. ते उलटं लागलं तर क्षणात आतलं काही जळू शकतं. विजेवर लावल्यावर 'हूं' असा संथ आवाज येतो आणि सेलवर येत नाही, तर पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर वाळला आहे. तितक्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा लावतात. हे काम सोल्डरिंग येत असेल तरच.

प्ले केल्यावर शिटी, गुरगुर, एकच बाजू, किंवा बटण हलवल्यावर आवाज परत येणं, ही सगळी लक्षणं रेकॉर्ड-प्ले स्विचची. सर्किटवर लांबट सरकता स्विच दिसेल. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वीज बंद ठेवून, वीस-तीस वेळा मागे-पुढे करा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते तिथेही हाच इलाज.

कॅसेटचे दोष

पॅड पाहा. टेपच्या मधल्या खिडकीत पितळी पट्टीवर नमदा किंवा फोमचा छोटा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दबतो आणि वर-खाली होत राहतो. दुसऱ्या, टाकाऊ कॅसेटमधली पट्टी पॅडसकट काढून घालणं सगळ्यात सरळ.

पाच स्क्रूची कॅसेट पांढऱ्या कापडावर आडवी ठेवून उघडा, उभी धरून नाही. आतले दोन पातळ प्लास्टिकचे कागद आणि कोपऱ्यातले रोलर जसे होते तसे बसवा. स्क्रू नसलेल्या, चिकटवलेल्या कॅसेटची सांध ब्लेडने उघडून दोन्ही चकऱ्या टेपसकट स्क्रूच्या रिकाम्या कवचात हलवाव्या लागतात.

तुटलेली टेप जोडायला स्प्लायसिंग टेपच घ्या. साध्या चिकटपट्टीचा गोंद उन्हात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा आणि पट्टी आतल्या बाजूने, म्हणजे पॅडकडे असते त्या बाजूने लावा. हेडकडची बाजू मोकळी राहिली पाहिजे.

कॅसेट चालताना चीं-चीं करत असेल तर ती तळहातावर सपाट आपटा आणि पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. नव्वद मिनिटांची टेप सुमारे १२ मायक्रॉन जाडीची, एकशेवीसची सुमारे ९. ही दुसरी जुन्या मशीनला झेपत नाही; जुनीच असेल तर रिवाइंड-फॉरवर्ड टाळून सरळ वाजवा.

टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवू नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटवर जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात काही दिवस ठेवा, मग नाकाला फडकं बांधून बाहेर मोकळ्या हवेत पेन्सिलीने फिरवा.

ठेवायची जागा नागपूरच्या हिशेबाने ठरवा. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट आणि गच्चीखालचा माळा खोलीपेक्षाही तापतात. कूलरच्या झोतासमोर उलटी अडचण, ओल. आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, डबीत उभ्या ठेवा. स्पीकरपासून हातभर दूर. गाडीच्या डॅशबोर्डवर तासभरही नाही. तापलेल्या जागेतून आणलेली कॅसेट तासभर खोलीत राहू द्या, मग लावा.

भरायचं आणि उतरवायचं

नवीन काही भरायचं असेल तर सुरुवातीची पाच-सहा सेकंदं सोडा, तिथे रंगीत लीडर असतो आणि त्यावर आवाज बसत नाही. आतला माइक मोटरची घरघर पकडतो, बाहेरचा माइक मशीनपासून दोन-तीन हात लांब ठेवा. लेव्हलचा काटा असेल तर साध्या टेपवर मोठ्या आवाजाला तो शून्याच्या जरा पलीकडे जाईल इतका. जुना आवाज मागे ऐकू येत असेल तर इरेज हेड मळलं आहे.

जपायच्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून तिची खुंटी मोडा. बाजू तुमच्याकडे, टेपची उघडी बाजू खाली, अशी धरल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातली खुंटी त्या बाजूची. पुन्हा भरायचं ठरलं तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावा. क्रोम टेपला (वेगळ्या चुंबकी लेपाच्या टेपला) शेजारी आणखी एक खाच असते, तिच्यावर पट्टी येऊ देऊ नका. मशीन टेपचा प्रकार तिथूनच ओळखतं.

संगणकात उतरवताना लाइन-आउट असेल तर तेच वापरा. फक्त हेडफोनचं भोक असेल तर व्हॉल्यूम निम्म्याच्या आसपास ठेवा. बऱ्याच लॅपटॉपचं माइकचं भोक एकाच चॅनलचं असतं आणि आवाज फाडतं. लाइन-इन असलेलं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड बरं. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. तासाभराच्या स्टिरिओ कॅसेटला सुमारे ६३० एमबी जागा लागते. लेव्हलचं टोक उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. हमिंग आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. डॉल्बीने (टेपची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीने) भरलेली टेप डॉल्बी लावूनच वाजवा, बाकीच्यांना ते बंद.

खरखर काढण्याचे फिल्टर मूळ फाइलवर कधीच लावू नका, प्रतीवर लावा. फाइलच्या नावात कॅसेटवर लिहिलेला मजकूर, बाजू आणि साल टाका. कॅसेटच्या आतल्या कार्डाचाही फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कोण गातंय ते बहुधा फक्त तिथेच लिहिलेलं असतं. फाइल अथपासून इतिपर्यंत एकदा ऐकून घ्या, दुसऱ्या डिस्कवर प्रत करा, आणि कॅसेट शेवटपर्यंत वाजवून, रिवाइंड न करता डबीत ठेवा. वाजवलेली टेप सारख्या ताणाने गुंडाळलेली राहते.